चिंगीला घर हवे आहे

आमच्या घरी सध्या एक पाहुणी मुक्कामाला आहे. तिचे नाव चिंगी. वय सुमारे साडेचार महिने, वजन सात किलो, रंग तपकिरी, छातीवर पांढरा ठिपका, एक कान उभा आणि दुसरा अर्ध्यातून वाकलेला. चिंगी हे कुत्र्याचे पिल्लू आहे. ती आमच्याकडे कायमची राहणार नाही. तिला हक्काचे घर मिळेपर्यंत आम्ही तिचा सांभाळ करीत आहोत. प्राणिमित्र मंडळी याला 'फॉस्टर' म्हणतात. आमच्या वस्तीत हा शब्द नवा असला तरी रीत जुनी आहे. कुणाची आई दवाखान्यात असली की तिचे लेकरू आठ दिवस शेजारणीकडे जेवते, झोपते. त्यातलाच हा प्रकार.

वाचक बंधुभगिनींनो, कुटुंबाच्या पानावर मुलांचे शिक्षण, आजारपण, लग्नकार्य यांविषयी लिहिले जाते. तेथे कुत्र्याच्या पिल्लाचे काय काम, असे कुणाला वाटेल. पण या चार महिन्यांत या पिल्लामुळे आम्हाला असे काही प्रश्न विचारले गेले की ते तुमच्यासमोर मांडावेसे वाटले.

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, नागपुरात पाऊस लागून राहिला असताना, कामठी रोडवर इंदोरा चौकाच्या पुढे मेट्रोच्या खांबाशी एका खोक्यात दोन पिल्ले कुणीतरी आणून ठेवली होती. शिकवणीहून परतणाऱ्या आमच्या थोरलीला ती दिसली. खोके ओले होऊन फाटले होते. पिल्लांची आई आसपास कुठे नव्हती. दोन तास वाट पाहिली, चौकातल्या चहावाल्याला विचारले, आणि मग दोघांना टॉवेलात गुंडाळून घरी आणले. एक नर, एक मादी. पुढचे दुधाचे दात आलेले, दाढा नुकत्याच फुटू लागलेल्या. त्यावरून वय पाच आठवड्यांच्या आसपास असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात आणि दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात. म्हणून वय ओळखायला दात उपयोगी पडतात.

आम्ही त्यांना सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. अंगावर गोचीड, पोटात जंत, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि बरगड्या मोजता येतील अशा. जंताचे औषध दिले. गाईचे दूध पाजू नका, जुलाब होतील, असे बजावले. मऊ भात, उकडलेले अंडे, बिनमिठाचे चिकनचे पाणी सुरू झाले. चौथ्या दिवशी भाऊ मलूल झाला. खाणे सोडले, ओकाऱ्या झाल्या आणि रात्री रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्होचा आजार होता. दोन दिवस सलाइन लावले, पण तो वाचला नाही. आमचा धाकटा सहावीत आहे. त्या दिवशी तो शाळेत गेला नाही, आणि आम्हीही त्याला जा म्हटले नाही.

पार्व्हो हा आजार माणसाला होत नाही. पिल्लांना मात्र तो झपाट्याने नेतो. त्याचा विषाणू जमिनीवर, कपड्यावर, चपलेच्या तळव्याला महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनाइलने तो खात्रीने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण करून फरशी पुसावी लागते आणि ते दहा मिनिटे तसेच राहू द्यावे लागते. आम्ही खोके जाळले, टॉवेल टाकून दिले, चपला दाराबाहेर ठेवायचा नियम केला. चिंगीवर लक्ष ठेवले. ताप नाही, खाणे व्यवस्थित आहे, हे पाहून डॉक्टरांनी तिला पहिली लस दिली. पुढे महिन्या-महिन्याच्या अंतराने आणखी दोन डोस झाले. तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस दिली आणि चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस. आता दरवर्षी एकदा लस दिली की पुरे. सर्व नोंदी असलेले कार्ड आमच्याजवळ आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, यवतमाळ आणि वाशीमकडचे आमचे नातलग नेहमीप्रमाणे घरी उतरले. दोन खोल्यांत सतरा माणसे. चिंगी तेव्हा नऊ आठवड्यांची होती. सर्व लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर नेऊ नका, पण घरात माणसांची सवय होऊ द्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, त्याची भीती त्याच्या मनातून जाते. म्हातारी माणसे, रांगती मुले, काठी, पांढऱ्या साड्या, कुकरची शिट्टी, ढोल, सारे काही तिने त्या तीन दिवसांत पाहून घेतले. आज दारात अनोळखी माणूस आला तर ती दोनदा भुंकते आणि मग त्याच्या पायाशी येऊन बसते.

घर शोधण्याचे काम आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू केले. ओळखीच्यांना सांगितले, कार्यालयात सांगितले, धाकट्याने फोटो चिकटवून एक कागद किराणा दुकानात लावला. विचारणा पुष्कळ झाली. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: "जात कोणती?"

मराठीत कुत्र्यालाही जात असते, फुलालाही असते, आंब्यालाही असते. विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, हे आम्ही जाणतो. तरीही ज्यांना शाळेत, नोकरीत, भाड्याचे घर पाहताना हा प्रश्न सरळ किंवा आडवळणाने विचारला गेला आहे, त्यांच्या कानाला तो शब्द टोचल्याशिवाय राहत नाही. आम्ही सांगायचो, "मिश्र आहे. आई गावठी असावी, बाप पामेरियनसारखा कुणी असावा." मग फोनवर थोडी शांतता. "मग नको. प्युअर असेल तर सांगा." एका गृहस्थांनी तर लॅब्राडोर असता तर उद्याच नेला असता, असे मोठ्या खेदाने सांगितले. ते स्वतः आंतरजातीय विवाह मंडळाच्या कार्यक्रमांना आवर्जून जातात. असो.

या 'प्युअर'पणाची गोष्ट थोडी समजून घेण्यासारखी आहे. कुत्रा माणसाजवळ राहू लागला त्याला किमान चौदा हजार वर्षे झाली. त्या मानाने आज आपण ज्यांना नावाने ओळखतो त्या बहुतेक विलायती जाती अगदी अलीकडच्या, गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या. इंग्लंडमध्ये केनेल क्लब १८७३ साली निघाला, नोंदवह्या आल्या, आणि नोंदीतल्याच कुत्र्याचा नोंदीतल्याच कुत्रीशी संबंध लावायचा, बाहेरचे रक्त येऊ द्यायचे नाही, असा कारभार सुरू झाला. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात, म्हणजे बाहेर लग्न न करण्याच्या बंधनात आहे, असे दाखवून दिले होते. ते माणसांच्या समाजाविषयी होते, आणि माणसांच्या जातींमागे तर रक्ताचा तसा कोणताही वेगळेपणाच नाही. पण दार बंद केले की काय होते ते कुत्र्यांत डोळ्यांनी दिसते. चपट्या नाकाच्या पगला उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही. लॅब्राडोर आणि अल्सेशियन यांच्यात खुब्याचे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. मिश्र पिल्लाला आजार होतच नाहीत असे नाही. चिंगीच्या भावाचे उदाहरण समोर आहे. पण अशा वंशपरंपरेने येणाऱ्या काही दुखण्यांचा धोका त्यांच्यात कमी असतो. शिवाय मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आमच्या नागपुरात दाट केसांचे विलायती कुत्रे पाळणे म्हणजे त्याला शिक्षाच. चिंगीचे केस आखूड आहेत. बापाकडून तिला फक्त वळलेली झुपकेदार शेपटी मिळाली आहे.

दुसरा प्रश्न: "नर की मादी?" मादी म्हटले की निम्मे लोक फोन ठेवतात. मादी माजावर येते, दारात कुत्री जमतात, पिल्ले होतात, कोण निस्तरणार? अडचण खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहे. साधारण सहा महिन्यांच्या वयात नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली की यांपैकी काहीच उरत नाही. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो आणि स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो. नर घेतला आणि त्याची नसबंदी केली नाही तर तो गावभर पिल्लांचा बाप होतो, पण ती दुसऱ्याच्या दारात जन्मतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत, एवढाच फरक. आमच्या थोरलीने एका काकूंना विचारले, "काकू, मादी आहे म्हणून नको, हे तुम्ही म्हणता?" काकू दोन मुलींच्या आई आहेत. त्या हसल्या, पण पुन्हा फोन मात्र आला नाही.

तिसरा प्रश्न बाहेरच्यांनी विचारला नाही, तो घरातूनच आला. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चिंगीला पहिल्या दिवशी पाहून ती काहीच बोलली नाही, फक्त आपली खाट भिंतीकडे सरकवून घेतली. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर कुत्रे पाणी प्यायले तर कुणी विटाळ मानीत नसे. तिच्या आईला मात्र काठावर तासन्‌तास ताटकळत उभे राहावे लागे. कुणी वरून ओतले तर पाणी. हाच अनुभव महाडला होता. चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, माणसांना बंदी होती. ती २० मार्च १९२७ रोजी मोडली गेली. ज्यांना कुत्र्याहून खालचे मानले गेले, शिवी म्हणून ज्यांना तेच नाव दिले गेले, त्यांच्या घरात कुत्रे लाडाने वावरताना पाहून एखाद्या वृद्धेच्या मनात काय येत असेल, हे आम्ही समजू शकतो. अशा घरांत कुत्रे नको म्हणणाऱ्याला निर्दय ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

एका रात्री हा विषय जेवताना निघाला. आमच्या भावाने आईची बाजू घेऊन तेच म्हटले. आई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मनाई का कुत्र्यानं केली होती? मानसायनं केली होती." एवढेच बोलून ती पुढचा घास घेऊ लागली. ती आजही चिंगीला हात लावीत नाही. पण आपल्या ताटातली अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवते, आणि ती चिंगीला घातली की नाही याची चौकशी करते.

चौथी गोष्ट प्रश्नाची नाही, भीतीची आहे, आणि ती आम्ही टाळणार नाही. भटक्या कुत्र्यांच्या चाव्याची झळ मोटारीतून फिरणाऱ्याला लागत नाही. ती पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगाराला लागते, रात्रपाळी संपवून पायी येणाऱ्याला लागते, गल्लीत खेळणाऱ्या मुलांना लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कुत्रा चावला, किंवा नुसते ओरखडले तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तेल-चुना काही लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमचे इंजेक्शनही लागते. ते डॉक्टरांना आठवणीने विचारावे. लसीचे ठरलेले सर्व डोस पुरे करावेत. दोन घेऊन थांबू नये.

या प्रश्नावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातही बराच खल झाला. ११ ऑगस्टला दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यातच ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावे, रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडू नये. ज्यांना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असेही त्यात होते. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा आदेश आला. वाद काहीही असो, एक हिशेब साधा आहे. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले होतात. चिंगीसारखे एक पिल्लू घरात गेले, लस आणि नसबंदी झाली, तर रस्त्यावरची पुढची वेत टळते. पिल्लाला जागा देणे आणि झाडूवाल्या मावशीची पहाट सुरक्षित करणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही प्रकारच्या औषधोपचारांची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. भारतीय संविधानात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने दाखल झाले. पहिले शील आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ केवळ मारू नये एवढाच घ्यायचा की ज्याला कुणी मरायला टाकले त्याला उचलावे इथपर्यंत न्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही कुणाला उपदेश करीत नाही.

मग तुम्हीच का ठेवीत नाही, असे कुणीही विचारील. आईचे खुब्याचे हाड दोन वर्षांपूर्वी मोडले होते. ती वॉकर घेऊन चालते. चिंगी वाढते आहे, धावत येऊन पायात घुटमळते. आईचा एक तोल गेला तर ती पुन्हा उठणार नाही, असे डॉक्टर सांगतात. आम्ही उभयता नोकरीवर आणि मुले शाळा-कॉलेजात गेली की दिवसभर चिंगीला मागच्या खोलीत बंद ठेवावे लागते. हे तिच्या हिताचे नाही, आणि आईच्याही नाही.

म्हणून आता घर कसे हवे ते सांगतो. बंगला नको, श्रीमंती नको. दोन खोल्यांचे घर चालेल, पण घरातल्या सर्वांची संमती हवी. एकाच्या हट्टाने आणलेले पिल्लू चार महिन्यांत दुसऱ्यांच्या डोळ्यात खुपू लागते. दिवसभर घरात कुणीतरी असावे. चिंगीला चोवीस तास साखळीला बांधू नये, पावसाउन्हात अंगणात सोडून देऊ नये. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावे. खाण्याचे फार लाड नाहीत: भात-भाकरी, अंडे, उकडलेले चिकन. कांदा, लसूण, द्राक्षे आणि चॉकलेट देऊ नये; ती कुत्र्याला विषासारखी आहेत. रविवारच्या मटणाची शिजलेली नळी किंवा कोंबडीची हाडे घालू नयेत. ती फुटून आतड्यात रुततात.

सहा महिने झाले की नसबंदी करावी. तो खर्च आम्ही उचलू, आताच बाजूला काढून ठेवला आहे. तिच्यापासून पिल्ले काढून विकायची असतील तर कृपया येऊ नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे २६ फेब्रुवारी २०१५ चे परिपत्रक तसे सांगते. मात्र जिना आणि आवार स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी आपलीच. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाशी आधी बोलून घ्यावे.

कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगते. आज पाचवीत असलेले तुमचे मूल पदवीधर होऊन नोकरीला लागेल तेव्हाही चिंगी दारात बसलेली असेल, म्हातारी झालेली, कदाचित डोळ्यांनी अधू. तेव्हाही ती तुमचीच असेल, असे वाटत असेल तरच पत्र लिहावे. साप्ताहिकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर, 'चिंगीसाठी' असे पाकिटावर लिहून पाठवावे. पत्रात घरात कोण कोण आहे, दिवसा कोण असते, पूर्वी कुत्रे पाळले होते का आणि त्याचे पुढे काय झाले, एवढे कळवावे. आम्ही येऊन घर पाहू, तुम्ही येऊन चिंगीला पाहा. काही कारणाने नाही जमले तर तिला रस्त्यावर सोडू नये, आमच्याकडे परत आणून द्यावे. त्यात कमीपणा नाही.

नागपूरबाहेरचे घर असेल तर आम्ही स्वतः पोहोचवून देऊ. तिच्यासोबत लसींचे कार्ड, तिची स्टीलची वाटी आणि आईच्या जुन्या सुती साडीची घडी देऊ. त्या साडीवर झोपायची तिला सवय आहे. पहिले आठ दिवस ती धुऊ नये, म्हणजे नव्या जागी तिला झोप लागेल.